केझाया ब्लूरचं नाव

हॅम्पस्टेड, लंडन
९ फेब्रुवारी १९२६

प्रिय मिसेस टॅम्स,

आपली ओळख नाही, तरी पत्र लिहिण्याचं धाडस करते आहे. माझे वडील सर अँब्रोज वेदरॉल गेल्या ऑक्टोबरात वारले, हे तुम्ही वाचलंच असेल. तुमच्या भागाचे ते बावीस वर्षं खासदार होते. मी त्यांची मुलगी विनिफ्रेड. लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचा पत्रव्यवहार, भाषणं, कागदपत्रं सगळं शेवटपर्यंत माझ्याच हाती होतं. आता त्यांचं चरित्र लिहायला घेतलं आहे.

गरीब धर्मोपदेशकाचा मुलगा, दोनदा निवडणूक हरलेला. आफ्रिकेतल्या युद्धाला विरोध केला म्हणून लोकांनी आमच्या घराच्या काचा फोडल्या आणि पाच वर्षांनी त्याच लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. म्हाताऱ्यांना पेन्शन, शाळेत मुलांना गरम जेवण, सगळ्यासाठी ते भांडले. पण ते म्हणायचे, "विनी, माझ्या हातून एकच काम धड झालं, शिशाचं." चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसं किती असावं, त्या खोलीत कुणाला काम करू द्यावं, याचा तो कायदा.

त्या कायद्याचा पाया म्हणजे तुमच्या बहिणीची, केझाया ब्लूर यांची साक्ष. पार्लमेंटच्या चौकशी समितीच्या छापील अहवालात त्या फक्त 'साक्षीदार अकरा' आहेत, पण वडिलांच्या टिपणांत नाव आहे. पुढे त्यांचं काय झालं, ते मात्र आमच्या कागदांत कुठेच नाही. त्या कुठे असतात? लग्न झालं का? मला नेहमी वाटायचं, विचारावं.

आणखी एक विनंती. २६ जूनला लाँगटनच्या नगरभवनात वडिलांच्या स्मृतिफलकाचं अनावरण आहे. स्मारक समितीचे चिटणीस मिस्टर मॅचिन यांनीच मला तुमचा पत्ता दिला. कामगारांच्या वतीनं तुम्ही चार शब्द बोलावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आपली,
विनिफ्रेड वेदरॉल

◆

लाँगटन
१६ फेब्रुवारी

मिस वेदरॉल यांस,

पत्र पोचलं. तुमचे वडील गेले, वाईट झालं. वय झालं होतं म्हणा.

केझाया वारली, त्याला पंचवीस वर्षं होतील. लग्न झालं नव्हतं.

मला बोलायला जमायचं नाही. दुसरी कुणी बघा. गल्लीत तोंड चालवणाऱ्या पुष्कळ आहेत.

अ‍ॅडा टॅम्स

◆

हॅम्पस्टेड
२० फेब्रुवारी

प्रिय मिसेस टॅम्स,

केझाया इतक्या लवकर गेल्या, हे वाचून फार वाईट वाटलं. त्यांना आजार होता का?

तुमचा संकोच मी समजू शकते. एवढ्या लोकांसमोर उभं राहायला मलाही आवडत नाही. म्हणून एक युक्ती केली आहे. सोबत अर्ध्या पानाचं भाषण टाइप करून पाठवते आहे. तुम्ही फक्त वाचायचं. शेवटची ओळ तेवढी सावकाश वाचा: 'माझ्या दिवंगत बहिणीच्या वतीनं मी सर अँब्रोज यांचे मनापासून आभार मानते.' टोपी किंवा कोट यांची अडचण असेल तर समिती बघेल, मिस्टर मॅचिन यांना मी सांगून ठेवलं आहे.

नाही म्हणू नका.

आपली,
विनिफ्रेड वेदरॉल

◆

लाँगटन
६ मार्च

मिस वेदरॉल यांस,

टोपी आहे माझ्याकडे. दोन आहेत.

तुमचं भाषण माझ्या पोरीला, फ्लोरीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, यात तू कुठाय?" मग मी ते मिटून ठेवलं आणि दोन आठवडे गप्प बसले. आज शनिवार, कामावरून लवकर आले, आता सांगते. तुम्हाला 'नेहमी विचारावंसं वाटायचं' ना? मग ऐका.

केझी ऑल्डक्रॉफ्टच्या कारखान्यात झिलईच्या खोलीत होती. भाजलेली ताटली झिलईच्या टपात बुडवायची, झटकायची, फळीवर मांडायची. सकाळी सहापासून. हात कोपरापर्यंत पांढरे. एकोणिसाव्या वर्षी तिच्या हिरड्यांवर निळी रेघ आली, शिसं अंगात भिनल्याची खूण. मग मनगटं लुळी पडायला लागली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची आणि म्हणायची, "बघ अ‍ॅडा, मी म्हातारी झाले." हसून म्हणायची.

तुमचे वडील तेव्हा साधे मिस्टर वेदरॉल होते. चॅपलच्या मागच्या खोलीत त्यांनी बायकांना बोलावलं. म्हणाले, चौकशी समितीपुढे खरं सांगा, दार बंद असेल, तुमचं नाव या चार भिंतींबाहेर जाणार नाही. बाकीच्या बायका खाली बघत बसल्या. केझी उठली. आई घरी तिला म्हणाली, "तुला काय गरज पडली होती?" तर म्हणते, "आई, तो माणूस डोळ्यात डोळा घालून बोलला."

साक्ष झाली मंगळवारी. पुढल्या आठवड्यात बुधवारी मुकादमानं सगळ्यांसमोर तिचा पांढरा झगा उतरवून घेतला. म्हणाला, "केझाया ब्लूर, तुझ्या त्या खासदाराच्या घरातूनच कळलं हो आम्हाला. जा आता, त्याच्याकडे ताटल्या बुडव."

लाँगटनमध्ये कुणी तिला काम देईना. दाराशी पोचायच्या आत लोकांना नाव माहीत असायचं. म्हणे ती दारू पिते, हात त्यानंच कापतात. मालकांनी तसा कागद करून पार्लमेंटमध्ये वाचून घेतला आणि तुमच्या वडिलांचं विधेयक त्या साली पडलं. शेवटी तिनं बर्स्लेमला दुसऱ्याच नावानं काम धरलं. काम तेच, झिलईचं, कारण दुसरं तिला येत नव्हतं. तिथं तिला झटके यायला लागले, मग डोळे गेले. १९०१ च्या मार्चात गरीबघराच्या दवाखान्यात वारली. बावीस वर्षांची होती. त्याआधी मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला. पण मनगटं वळेनात, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं.

तुमचे वडील त्यानंतर आमच्याकडे आले होते. हे तुमच्या पुस्तकात नसेल. पावसातून आले, हॅट काढून दारातच उभे राहिले. म्हणाले, "मिसेस ब्लूर, दोष माझा. मी शब्द दिला होता." आईनं त्यांना बसा म्हटलं नाही. मग आई एवढंच म्हणाली, "दार लावून घ्या जाताना, गारठा येतो."

पुढल्या साली तुमचा कायदा झाला. माझी फ्लोरी आज त्याच कामावर आहे आणि तिच्या हिरड्या गुलाबी आहेत. मी आंधळी नाही, मला ते दिसतं. पण आभार मानायला मला सांगू नका. ज्यानं तिचं नाव फोडलं, त्याच्या फलकाखाली मी उभी राहणार नाही.

अ‍ॅडा टॅम्स

◆

हॅम्पस्टेड
२ एप्रिल

मिसेस टॅम्स,

तुमचं पत्र येऊन जवळजवळ महिना झाला. या महिन्यात मी सात उत्तरं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात मी वडिलांची बाजू मांडत होते आणि प्रत्येकात स्वतः मागच्या मागे निसटत होते.

नाव वडिलांनी फोडलं नाही. मी फोडलं.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. साक्षींची स्वच्छ प्रत मी करायचे, त्याचा मला फार गर्व होता. साक्ष झाली त्या आठवड्याच्या शनिवारी आम्ही ओळखीच्या एका घरी टेनिस आणि चहाला गेलो होतो. मिसेस ऑल्डक्रॉफ्ट तिथं होत्या. त्या हसत म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचे हे साक्षीदार म्हणजे त्यांच्या कल्पनेतल्या बाहुल्या आहेत. आमच्या मुली सुखात आहेत, एक तरी नाव सांगता येईल का कुणाला?" सगळे हसले. एक तरुण माझ्या शेजारी बसला होता, तोही हसला. आणि मी म्हणाले, "येईल की. केझाया ब्लूर. तुमच्याच कारखान्यातली."

सगळ्यांचं हसू थांबलं. मला वाटलं, मी जिंकले. मिसेस ऑल्डक्रॉफ्टनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, "किती हुशार आहेस गं."

गाडीत बसल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "शब्द मी दिला होता, मोडला तोही मीच. तुझं नाव यात येणार नाही. पुन्हा हा विषय काढू नकोस." त्या दिवसापासून साक्षीदारांची नावं ते स्वतःच्या हातानं लिहीत आणि कुलपात ठेवत. बाकी सगळं माझ्याकडे सोपवलेलं, ती यादी तेवढी नाही. सत्तावीस वर्षं. मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण ते कुलूप मी रोज पाहत होते.

ते तुमच्या दारात उभे राहिले होते, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. माझ्या वाटचं तिथं ते उभे होते.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. 'विचारावं असं नेहमी वाटायचं' असं मी लिहिलं, ते खोटं. मला कधीच विचारायचं नव्हतं. तुमचा पत्ता मिळवायला एक दिवस पुरला, म्हणजे तो कधीही मिळाला असता. त्या कुठेतरी चार मुलांची आई होऊन सुखात असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. चरित्राच्या सहाव्या प्रकरणात मी लिहून ठेवलं आहे की साक्षीदारांची नावं अखेरपर्यंत गुप्त राहिली. तुम्ही ते भाषण वाचलं असतंत, तर माझं खोटं तुमच्या तोंडून पक्कं झालं असतं.

क्षमा मागत नाही. मागायची कुणाकडे, ती माणसंच उरली नाहीत.

विनिफ्रेड वेदरॉल

◆

लाँगटन
७ एप्रिल

बाई,

एका कप चहासाठी.

पंचवीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या, आणि तो मेल्यावर तुम्ही मला सांगता.

पुन्हा लिहू नका.

अ. टॅम्स

◆

हॅम्पस्टेड
१४ जून

मिसेस टॅम्स,

तुम्ही लिहू नका म्हटलं होतं. दोन महिने पाळलं. खाणी बंद असल्यानं कोळसा मिळत नाही, तुमच्याकडच्या भट्ट्या थंड पडल्या आहेत, असं वाचते. घरी चूल पेटते आहे ना, एवढं विचारायचा हक्कही मला नाही. हे शेवटचं पत्र. फक्त दोन गोष्टी कळवायच्या आहेत, कारण त्या तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नयेत.

पहिली. सहावं प्रकरण मी नव्यानं लिहिलं आहे. २६ तारखेला फलक उघडल्यावर मी बोलणार आहे आणि जे घडलं ते सांगणार आहे, माझ्या नावासकट. माझा भाऊ लायनेल पुढच्या निवडणुकीत वडिलांच्या जागेवर उभा राहतो आहे. तो परवा येऊन गेला. "विनी, सत्तावीस वर्षांपूर्वीचं एका पोरीचं वाक्य! कुणाला पडलंय त्याचं?" मी म्हटलं, "ब्लूर कुटुंबाला." तो म्हणाला, "मग त्यांना पत्र लिही, सभा कशाला?" टोपी घालून निघून गेला. जेवायलाही थांबला नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते आहे. वडिलांच्या कुलपातल्या कप्प्यात तो दारूचा कागद आहे, पार्लमेंटमध्ये वाचलेला. 'साक्षीदार बाई दारूच्या आहारी गेलेली आहे, असं तिची सख्खी बहीण लिहून देते.' त्याखालची सही मी वाचली आहे. शाळकरी, गोल अक्षर आहे.

वडिलांना ती सही कुणाची ते माहीत होतं. समासात त्यांनी लिहिलं आहे: 'वय चौदा. त्याच कारखान्यात कामाला. नाव घेतलं तर विधेयक तरेल, मुलीचं काम जाईल.' त्यांनी नाव घेतलं नाही. विधेयक पडू दिलं. दोन वर्षं लोक त्यांना म्हणत होते, वेदरॉलला साक्षीदारसुद्धा नीट मिळत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

ते नाव माझ्या पुस्तकात येणार नाही आणि सभेतही येणार नाही. कागद सोबत आहे. तो तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी नक्कल ठेवलेली नाही.

विनिफ्रेड वेदरॉल

◆

लाँगटन
२८ जून १९२६

मिस वेदरॉल यांस,

मी आले होते. तुम्ही मला पाहिलं नाहीत. मागे, खांबाजवळ उभी होते.

आधी कागदाचं सांगते. तो पाकिटातून निघाला आणि मी खुर्चीवर बसले ती बसलेच. माझंच अक्षर. शाळेत त्या अक्षराबद्दल मला रिबन मिळाली होती.

केझीला काढल्यावर मुकादमानं मला कचेरीत बोलावलं. दोन माणसं होती, त्यातला एक वकील असावा. म्हणाले, "तुझी बहीण शनिवारी बिअर घेते का गं?" मी म्हटलं, "एक ग्लास, कधी कधी." म्हणाले, "म्हणजे घेते. मग लिही तसं." मी म्हटलं, इथं 'आहारी' लिहिलंय. तर म्हणाले, "कायद्याच्या भाषेत एका ग्लासाला तसंच म्हणतात. तुलाही काम नको आहे का?" मी सही केली. शाई सांडू नये म्हणून जपून केली, ते अजून आठवतं.

वर्तमानपत्रात आलं, 'तिची सख्खी बहीण.' गल्लीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं. केझी ऐकत होती. तिला एकच बहीण होती. मला म्हणाली, "त्यांनी तुला काय दिलं?" मी म्हटलं, "काही नाही. कामावर ठेवलं." तर म्हणाली, "मग बरं झालं. दोघी घरी बसलो असतो तर आईनं काय खाल्लं असतं?" आणि मला म्हणाली, "माझे केस विंचर, हात वर होत नाहीत माझे." बास. पुन्हा विषय नाही. तिनं मला एक थोबाडीत मारली असती, तर मी आज वेगळी बाई असते.

विधेयक त्या साली पडलं. मधल्या वर्षांत आमच्या पलीकडची, झिलईच्याच कामावरची एथेल शफलबॉटम आंधळी झाली. ती अजून आहे. मी तिला रविवारी ओटकेक नेऊन देते. ती म्हणते, "अ‍ॅडा, तुझ्यासारखी शेजारीण नाही." मी ऐकून घेते.

आता कळलं ना, मी भाषणाला का नाही म्हणत होते ते? तुमच्या वडिलांचा राग होता, खोटं नाही. पण तो राग मला सोयीचा होता. सगळं त्यांच्या डोक्यावर घातलं की माझ्या डोक्यावर काही उरत नव्हतं. आणि तो माणूस माझं नाव पोटात घालून बसला होता. आईनं त्यांना बसा म्हटलं नाही, तेव्हा मी तिथंच भांडी विसळत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. मला वाटलं, मोठ्या लोकांचं बघणं असंच असतं.

आता सभेचं. तुम्ही उभ्या राहिलात, कागद न घेता. "ते नाव माझ्या तोंडून गेलं," म्हणालात. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पंखे थांबले. तुमच्या भावानं मान खाली घातली. मग तुम्ही तिचं नाव घेतलंत, पूर्ण. केझाया ब्लूर. त्या नगरभवनात.

माझ्या शेजारी एक तरुण बाई होती, कडेवर मूल. मला म्हणाली, "मावशी, ही केझाया ब्लूर कोण हो?"

आणि मी म्हटलं, "मला काय माहीत?"

खरं सांगते, तोंडातून तेच आलं. पंचवीस वर्षांची सवय. या गावात नव्यानं आलेल्यांना मी सांगत आले की मला बहीण नव्हती. तुम्ही अख्ख्या गावासमोर उभ्या होतात, आणि मला एका कडेवरच्या पोराच्या आईला सांगता आलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठले, खुर्च्या वाजल्या, मिस्टर मॅचिन तुम्हाला कोट घालायला मदत करत होते. मी बाहेर पडले. कालव्याच्या पुलापर्यंत गेले. भट्ट्या बंद आहेत, धूर नाही, त्यामुळे पार पलीकडची टेकडी दिसत होती, आणि त्या टेकडीच्या उतारावर गरीबघराचं कुरण आहे, जिथं तिला दगडाशिवाय पुरलंय. मी तिथं उभी राहिले आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की पुढे पाऊल टाकवेना.

मागे फिरले. नगरभवनात कुणी नव्हतं. एक म्हातारी झाडत होती, मिसेस कोलक्लो, मी तिला तोंडओळखीनं ओळखते. म्हणाली, "सभा संपली गं, काही विसरलीस का?"

मी म्हटलं, "त्या लंडनच्या बाईंनी जिचं नाव घेतलं, ती माझी बहीण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आणि ती प्यायची नाही. ते मी लिहून दिलं होतं."

मिसेस कोलक्लोनं झाडू भिंतीला टेकवला, दोन खुर्च्या ओढल्या, आणि म्हणाली, "बस. पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं.

अ‍ॅडा टॅम्स
(माहेरची ब्लूर)